विहिरीवरच्या इंजिनाचं टायमिंग: प्रकल्प नोंदी

शनिवार, २ नोव्हेंबर २०२४ (पाडवा)

फराळाची ताटं उचलायच्या आत आबांनी विषय काढला. यंदा गव्हाला पाणी इंजिनावरच द्यायचं, रात्रीच्या विजेसाठी जागायचं त्यांचं वय राहिलेलं नाही. "तू कंपनीत इंजिनंच करतोस ना? मग घरचं एक करून दे."

दुपारी शेडवरचा पत्रा सरकवला. एव्ही-वन धाटणीचं इंजिन आहे. एक सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं, ८० मिमी बोअर, ११० मिमी स्ट्रोक, मिनिटाला १५०० फेऱ्यांना ५ अश्वशक्ती. नेमप्लेट कधीच घासून गेलीय. सात वर्षं बंद होतं, तरी हँडल मारताना कॉम्प्रेशन चांगलं लागतं. टाकी धुतली, नवं डिझेल, नवा फिल्टर, डिझेल पंपाच्या स्क्रूवरून एअर काढली. डीकॉम्प (झडप उघडी धरणारा लिव्हर) उचलून हँडल फिरवायचं, वेग आला की लिव्हर सोडायचा. चौदाव्या खेपेला लागलं, पण बाहेर आला तो पांढराफट्ट, डोळ्यांना झोंबणारा धूर. गरम झाल्यावर धूर कमी झाला. पाण्याच्या पंपाचा पट्टा चढवला तर इंजिन बसायला लागलं.

पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. डिझेल पोचतंय, पण उशिरा पोचतंय. पिस्टन खाली निघाल्यावर हवा थंडावते आणि जळायला वेळच उरत नाही. माझा पहिला संशय टायमिंगवर, म्हणजे डिझेल नेमकं केव्हा सुटतं त्यावर. लिहून ठेवतो, म्हणजे चुकलो तर नंतर पलटी मारता येणार नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर (भाऊबीज)

ताई आल्यामुळे काम नाही. फ्लायव्हीलचा घेर तेवढा टेपनं मोजला: १३६८ मिमी. भागिले ३६०, म्हणजे एका अंशाला ३.८ मिमी. या मालिकेच्या इंजिनांचं स्टॅटिक (इंजिन बंद ठेवून मोजलेलं) टायमिंग टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या बिंदूच्या, २३ अंश आधी असतं, म्हणजे मला कडेवर साधारण ८७ मिमी हवेत.

शनिवार, ९ नोव्हेंबर

हेड उतरवलं. कार्बन काढायचाच होता, शिवाय टीडीसी नेमका सापडायला हवा होता. फ्लायव्हीलवर छिन्नीची एक जुनी खूण आहे, पण ती कोणी, कधी, कशाच्या आधारावर मारली, हे सांगायला आता कुणी नाही.

पिस्टन सगळ्यात वर आला की तोच टीडीसी, असं डायल गेज लावून बघायला गेलं तर फसगत होते. वरच्या टोकाशी पिस्टन जवळजवळ थांबलेलाच असतो. पाच अंश इकडे किंवा तिकडे फिरवलं तरी तो पाव मिलिमीटरच उतरतो. म्हणून उलटा रस्ता घेतला. पिस्टन टोकापासून ५ मिमी खाली असताना एका बाजूला खूण, तसंच पुढे जाऊन पुन्हा ५ मिमी खाली गेल्यावर दुसरी खूण, आणि दोन्हींचा मध्य. छिन्नीची खूण टीडीसीची मानली तर ती ६ मिमी चुकीची होती. आता टीडीसीपासून ८७ मिमीवर २३ ची खूण, चाक ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेला. इथं भलेभले चुकतात. स्थिर काट्यासमोरून आधी जाणारा भाग तो आधीचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. उलटतपासणी म्हणून २३ च्या खुणेवर पिस्टन किती खाली आहे ते पाहिलं: ५.४ मिमी. भूमितीही तेच सांगते.

हेड बसवलं आणि दुपारनंतर स्पिल टायमिंगला लागलो. पंपाच्या डोक्यावरचा होल्डर खोलून डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढली, होल्डर परत बसवला, त्यावर हंसाच्या मानेसारखी वाकवलेली नळी लावली. टाकी वर असल्यानं डिझेल आपोआप वाहतं. फ्लायव्हील सावकाश फिरवत जायचं. पंपातला दट्ट्या, म्हणजे प्लंजर, वर चढून त्याच्या नळीचं, म्हणजे बॅरलचं, भोक झाकतो तिथं धार तुटते. तोच डिलिव्हरी सुरू होण्याचा क्षण.

माझी धार काही तुटेना. चाक दोन पूर्ण फेरे फिरवलं, धार चालूच. एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) गेलं असं मानून मी खिशातल्या पैशांचा हिशेब करायला लागलो. तेवढ्यात आबांनी बोलावलेले शिवाकाका सायकलवरून उतरले. एसटीच्या डेपोत पंप रूमला अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. चष्मा पुसला, वाकले, रॅकला, म्हणजे डिझेल कमीजास्त करणाऱ्या दांडीला, बोट लावलं.

"आरं, स्टॉपवर ठेवून टायमिंग बघतोयस व्हय? फुल्लवर कर की."

इंजिन बंद करायचा लिव्हर मीच ओढून ठेवला होता. त्या स्थितीत प्लंजरची उभी खाच भोकासमोर येते आणि प्लंजर कितीही चढला तरी डिझेलला परतीची वाट मोकळीच राहते. इंजिन बंद होतं ते त्यामुळेच! रोज चाकणच्या कंपनीत कॉमन रेलचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल फवारणीचं, कॅलिब्रेशन करणारा मी. घरी आल्यावर हे बायकोला सांगायचं की नाही, विचार करतोय.

रॅक फुल्लवर. धार बारीक झाली, थेंब पडू लागले, थेंब लांबले. दोन थेंबांत दहा-पंधरा सेकंद गेले की थांबायचं, हा काकांचा नियम. आणि खूण ओलांडून पुढे गेलं तर नुसतं मागे आणायचं नाही. चांगलं पाव फेरा मागे घेऊन परत पुढून यायचं, नाहीतर गिअरच्या दातांतली ढील मापात येते. तीनदा घेतलं: ५८, ५९, ५९ मिमी.

म्हणजे साडेपंधरा अंश. हवेत २३.

रविवार, १० नोव्हेंबर

शिवाकाकांनी स्वतःच्या डब्यातला एक जुना प्लंजर आणून दिला, मला हातात धरून बघता यावा म्हणून. अंगठ्याएवढा, आरशासारखा चकचकीत. तो बॅरलमध्ये सोडला की स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली जातो. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, त्यामुळे एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. एलिमेंट जोडीनंच बदलतात. पुसायला बोळा वापरायचा नाही. धुवायचं ते स्वच्छ डिझेलमध्ये, आणि ओलंच बसवायचं.

प्लंजरचा वरचा काठ सपाट आहे आणि खाली अंगावर तिरकी कापलेली धार, हेलिक्स. सगळी करामत या दोन काठांत आहे. वरचा सपाट काठ भोक झाकतो तेव्हा डिलिव्हरी सुरू. तिरकी धार भोकाशी आली की दाब सुटतो आणि डिलिव्हरी बंद. रॅक सरकवला की प्लंजर स्वतःभोवती फिरतो, तिरक्या धारेचा वेगळा भाग भोकासमोर येतो, त्यामुळे डिलिव्हरी लवकर किंवा उशिरा संपते. सुरुवात मात्र हलत नाही, कारण वरचा काठ सपाट आहे, कसाही फिरवा, भोक त्याच उंचीवर झाकलं जाणार. म्हणजे गव्हर्नर (वेग राखणारी यंत्रणा) किती डिझेल द्यायचं ते ठरवतो आणि केव्हा द्यायचं ते कॅम (फिरणारी पाकळी), टॅपेट (पाकळी आणि प्लंजरमधला ढकलणारा भाग) आणि पंपाची उंची मिळून ठरवतात. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ पासून ही रचना मोठ्या प्रमाणावर बनू लागली. शेतातल्या पंपांत ती अजून जवळपास तशीच आहे.

मापं किती बारीक, याचा हिशेब रात्री मांडला. ५ अश्वशक्तीला तासाला ढोबळमानानं ०.९ किलो डिझेल लागतं. दोन फेऱ्यांत एक फवारा, म्हणून १५०० फेऱ्यांना मिनिटाला ७५० फवारे, तासाला ४५ हजार. एका फवाऱ्याला साधारण चोवीस घनमिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबाच्या निम्मं. प्लंजर ८ मिमी जाडीचा असेल तर कामाची हालचाल अर्ध्या मिलिमीटरची! बाकीची सगळी चढउतार नुसती येजा.

आता शिम. डिझेल पंप इंजिनाच्या बॉडीवर बसतो तिथं फ्लँजखाली पत्र्याच्या पातळ चकत्या, शिम, असतात. शिम वाढवली की पंप कॅमपासून वर जातो, प्लंजरला भोक गाठायला जास्त चढावं लागतं, टायमिंग उशिरा. काढली की लवकर. पंप उतरवला तर खाली तीन शिम निघाल्या: दोन ०.३ मिमीच्या, एक ०.२ ची. आबांना विचारलं. म्हणाले, "पंधरा-सोळा वर्षांमागं लई ठोकत होतं. तालुक्याचा एक मिस्त्री आला, पत्र्या घालून गेला. ठोकायचं थांबलं."

एक ०.३ ची काढली. पुन्हा स्पिल: ७० मिमी, म्हणजे १८.४ अंश. या इंजिनावर ०.१ मिमीला साधारण एक अंश पडतो. सगळ्याच शिम काढून मोकळं व्हावं असं वाटत होतं, पण काकांनी हात धरला. पंप फार खाली आला तर प्लंजर चढाच्या शेवटी डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या बैठकीवर आदळतो, मग एलिमेंट, टॅपेट, सगळंच जातं. वर किती जागा उरते ते मोजल्याशिवाय शिम काढायची नाही.

चालू केलं. तिसऱ्या हँडलला लागलं, धूर निम्म्यावर. आणि ठोकायला लागलं. लोखंडी पिंपात कुणी हातोडी मारावी तसं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

काल आबांनी गहू पेरला. एकवीस दिवसांनी पहिलं पाणी लागेल. तीच माझी मुदत.

आठवडाभर कंपनीत बसून ठोक्याचाच विचार केला. १५०० फेऱ्यांना चाक एका मिलिसेकंदात ९ अंश फिरतं. डिझेल आत गेल्या गेल्या पेटत नाही, त्याला अशा इंजिनात साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात जितकं डिझेल साठतं ते एकदम भडकतं, आणि तो भडका म्हणजे ठोका. आता २३ अंशांवर न ठोकणारं इंजिन १८ वर ठोकत असेल, तर दोष टायमिंगचा नाही. पेटायच्या आत जास्त डिझेल जातंय किंवा जाड थेंबांनी जातंय, म्हणजे दोष नोझलचा, फवारा उडवणाऱ्या तोंडाचा.

नोझल घेऊन कराडला पंपाच्या दुकानात गेलो. हातानं चालवायच्या टेस्टरवर लावलं. २०० बारला उघडायला हवं ते दीडशेलाच उघडलं. फवारा एका अंगाला, आणि टोकाशी थेंब लोंबकळत. दुकानदारानं लोंबकळणारा थेंब बोटानं दाखवला, मग बोट मागे घेऊन पोराला ओरडला, "हात लांब!" बरोबरच आहे. या दाबाची धार कातडीतून आत जाते, रक्तही येत नाही आणि हात गमवायची वेळ येते.

तर पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा ठोका बहुधा नोझलचा होता. मिस्त्रीनं टायमिंग उशिरा करून तो झाकला. इंजिन गप्प झालं, डिझेल जास्त पिऊ लागलं, ताकद गेली, आणि घरात सगळ्यांनी ते म्हातारं झालं असं धरून घेतलं. त्या माणसावर राग काढण्यात अर्थ नाही. भर उन्हाळ्यात पाणी चालू करून देणं एवढंच त्याला सांगितलं होतं.

नवी नोझल टाकली, शिमनं दाब २०० वर बांधून घेतला.

बुधवार, २० नोव्हेंबर (मतदान)

सकाळी शाळेत रांग लावून मत दिलं, साडेनऊला शेडमध्ये. नव्या नोझलवर ठोका गेला. आवाज कोरडा, एकसारखा. पण लोडला अजून दम नाही. १८.४ ला तो येणारही नाही.

आणखी साडेचार अंश हवेत. शिम उरल्यात ०.५ च्या, सरळ हिशेबानं त्या सगळ्या काढाव्या लागतील, आणि ते मला पटेना. नवं असताना या इंजिनाच्या पंपाखाली काही ना काही शिम असणारच. मग बाकीचं अंतर गेलं कुठं?

शिवाकाकांनी पंप उतरवून टॅपेट बाहेर ओढला. रोलर बोटांत धरून हलवला तर टकटक वाजला. पिन काढली: कॅमकडच्या दाबानं एका अंगाला झिजून पायरी पडलेली, नखाला लागते. रोलरचं भोकही अंडाकृती. फिलर गेजनं ढील मोजली, ०.३५ मिमी. या ढिलीमुळे प्लंजर तेवढा खाली बसतो, आणि भोक गाठायला त्याला तेवढं जास्त चढावं लागतं. साडेतीन अंश तिथं झिरपून गेले होते, कुणी काही केलेलं नसताना.

कॅमची पाकळी टॉर्चनं पाहिली. काळपट पण गुळगुळीत, खड्डा नाही. नशीब.

रोलर-पिनचा संच गावात नाही. दुपारी कोरेगाव, तिथून सातारा. दुसऱ्या दुकानात मिळाला. परत येईपर्यंत अंधार.

शनिवार, २३ नोव्हेंबर

गावात सगळे निकालाच्या टीव्हीपुढे, शेडमध्ये मी आणि काका दोघंच. बरं झालं.

नवा रोलर बसवून, शिम तशाच ठेवून स्पिल घेतलं: ८३ मिमी, २१.८ अंश. ०.२ ची शिम काढून ०.१ ची घातली. पुन्हा तीनदा: ८७, ८७, ८६. पुरे. प्लंजर चढाच्या टोकाला असताना वर जागा उरते ते तपासलं, मगच डिलिव्हरी व्हॉल्व्ह परत बसवला. हा व्हॉल्व्ह लहान दिसतो, पण मोलाचा. डिलिव्हरी संपली की तो खाली बसताना पाइपातलं थोडं डिझेल मागे ओढतो, त्यामुळे नोझल झटकन मिटते आणि थेंब गळत नाही.

काका म्हणाले, "तुझ्या कंपनीच्या गाडीत असलं काय नसतं म्हणं?" त्यांना जमेल तसं सांगितलं. कॉमन रेलमध्ये पंप फक्त दाब बनवतो. तो दाब रेलमध्ये कायम तयार असतो, आणि केव्हा व किती हे कॉम्प्युटर इंजेक्टरला वीज देऊन ठरवतो. फेरे वाढले, इंजिन गार असलं, लोड बदलला, की प्रत्येक वेळी वेगळा अंश. तुमच्या एसटीच्या जुन्या पंपांना पुढे वजनांचा टायमर असायचा, वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जाऊन पंपाचा कॅमशाफ्ट पुढे सरकायचा, ते काम आता आकडे करतात. विहिरीवरच्या इंजिनाला यातलं काहीच लागत नाही. ते जन्मभर १५०० वरच फिरणार, मग एकच अंश बांधून दिला की झालं.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग झिजल्यावर त्यो आकडा खोटा पडत आसंल." कंपनीत यावर आमचा एक आख्खा विभाग काम करतो. इंजेक्टर झिजला की नेमकं किती डिझेल गेलं याचा अंदाज हुकतो, आणि तो सुधारत राहायचं गणित प्रोग्रॅममध्येच घालावं लागतं.

रविवार, २४ नोव्हेंबर

स्पिल २३ आहे, पण मन भरेना. पंप ते नोझल हा पाइप मला पहिल्यापासून खटकत होता. मध्ये एक वेटोळं आहे, आणि लांबी ७१० मिमी निघाली. सरळ नेला तर चारशेत भागतं. कुठल्या तरी मोठ्या इंजिनाचा बसवलाय.

दाबाची लाट डिझेलमधून सेकंदाला साधारण १४०० मीटर जाते. जादा ३१० मिमीला ०.२२ मिलिसेकंद, म्हणजे दोन अंश. स्पिलमध्ये हे दिसतच नाही, कारण स्पिल पंपापाशी मोजतो आणि फवारा पाइपाच्या दुसऱ्या टोकाला उडतो. २३ हा आकडाही योग्य लांबीचा पाइप गृहीत धरूनच दिलेला असतो. नवा ४०० मिमीचा पाइप टाकला. जुन्या पाइपला आत गंज होता, तो काढणं तसंही भागच होतं.

शनिवार, ७ डिसेंबर

गव्हाला पहिलं पाणी. आबांनी स्वतः हँडल मारलं, मी जवळ उभा. दुसऱ्या खेपेला लागलं. सुरुवातीला फिकट पांढरा फुसकारा, मग धूर जवळजवळ दिसेनासा. पट्टा चढवल्यावर क्षणभर वाकलं आणि सावरलं. दोन तास चाललं. टाकीत काठी घालून डिझेल मोजलं, पण आधीचं माप कुणीच घेतलेलं नाही, त्यामुळे वाचलं किती ते सांगता येणार नाही. यापुढे दर पाण्याला आबा वहीत लिहिणार आहेत.

काढलेल्या शिम आणि झिजलेली पिन तारेत ओवून टाकीच्या स्टँडला अडकवली. पत्र्याच्या तुकड्यावर रंगानं लिहिलं: "शिम ०.३ + ०.१, स्पिल ८७ मिमी, नोझल २०० बार, पाइप ४०० मिमी, नोव्हें. २४." पुढचा मिस्त्री कोण असेल कुणास ठाऊक.

राहिलेलं काम: पट्टा उतरवल्यावर इंजिन वर-खाली करतं, हुं-हुं-हुं असा आवाज येतो. गव्हर्नरच्या लिंकला ढील आहे किंवा रॅक अडतोय. पुढच्या फेरीत बघणार. काकांना आणायला बाइक घेऊन जायचंय, त्यांच्या सायकलचं मागचं चाक गेलंय.